अस्तर

मास्तरांच्या दुकानातली टेप साठ इंचांची होती, म्हणजे पाच फुटांची. बहुतेक शिंप्यांची तेवढीच असते आणि बहुतेक गिऱ्हाइकांना ती पुरून उरते. मास्तरांच्या मुलाला मात्र ती तेराव्या वर्षी अपुरी पडली. त्या दिवसापासून मास्तर त्याची उंची दोन हप्त्यांत मोजू लागले. आधी टाचेपासून टेप संपेपर्यंत, तिथे खडूची रेघ, आणि मग रेघेपासून वर. पोरगा वाढत गेला तशी ती रेघ शर्टाच्या खांद्यावर येऊ लागली आणि मास्तर ती पुसायला विसरायचे, त्यामुळे तो कित्येकदा खांद्यावर निळी रेघ घेऊनच शाळेत जायचा.

गल्लीनं त्याचं नाव 'शिडी' ठेवलं. गल्ली असल्या बाबतीत कधी कंजुषी करत नाही. कुणाचा दिवा गेला, कुणाच्या माळ्यावरची ट्रंक काढायची असली, कुणाचं मांजर छपरावर चढून उतरायला तयार नसलं, की हाक यायची, "शिडीला बोलवा रे!" मग शिडी निमूटपणे यायचा, हात वर करायचा, काम करायचा आणि निघून जायचा. पुढे आयुष्यभर त्यानं हेच केलं. फक्त गल्लीच्या जागी देश आले.

पुढे दुकान आणि मागे दोन खोल्या, असं त्यांचं घर होतं. आई शिडी सहा वर्षांचा असतानाच गेली. मोठी बहीण त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिनंच त्याला वाढवलं आणि दुकानातली काजं-बटणंही सांभाळली. मास्तर दिवसभर मशीनवर. ते फार बोलत नसत, पण कपडा हातात घेतला की माणूस वाचायचे. एखादी पँट दुरुस्तीला आली की आधी आतून उलटी करायचे, शिवणीवरून अंगठा फिरवायचे, नाकाशी न्यायचे आणि म्हणायचे, "हा माणूस हल्ली उभ्याचं काम करतो. आधी बसायचा." गिऱ्हाईक गार पडायचं. एकदा एका बाईंच्या नवऱ्याचा कोट असाच नाकाशी नेऊन मास्तर एकदम गप्प झाले, आणि ताईला नंतर म्हणाले, "काही कपडे वाचले तरी बोलायचं नसतं."

शाळेतले पीटीचे सर पँटची लांबी कमी करायला आले होते, तेव्हा त्यांनी शिडीला टाचा न उचलता छताला हात लावताना पाहिलं. सर पँट विसरले.

"मास्तर, हा पोरगा मला द्या."

"न्या की," मास्तर म्हणाले, "पण त्याचे कपडे मीच शिवणार."

तेव्हापासून रोज सकाळी शाळेआधी बास्केटबॉलची प्रॅक्टिस सुरू झाली. शिडीला पहिली दोन वर्षं त्या खेळाचा मनस्वी कंटाळा होता. उंच माणसाला खेळ आवडतोच असं लोक धरून चालतात, म्हणजे जाड्या माणसाला कुस्ती आवडायला हवी! आठवड्यातून एखाद्या दिवशी तो मैदानाला बगल द्यायचा, पाण्याच्या टाकीमागे तासभर बसायचा, आणि घरी जाताना नळाखाली शर्ट भिजवून, पिळून, पुन्हा अंगात घालायचा. घामानं चिंब झालेला खेळाडू तयार. मास्तर तो ओला शर्ट त्याच्या हातातून घ्यायचे, स्वतः दोरीवर वाळत घालायचे आणि म्हणायचे, "दमलास ना? जा, दूध पी." शिडीला वाटायचं, पचलं.

मग कधीतरी खेळ अंगात भिनला. कसा ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. सतराव्या वर्षी तो राज्याच्या संघात होता, विसाव्या वर्षी एक एजंट त्याच्या खोलीवर येऊन बसला, आणि एकविसाव्या वर्षी तो दोन सुटकेसेस घेऊन अशा देशात उतरला जिथे एप्रिलमध्येही रस्त्याच्या कडेला मळकट बर्फ पडलेला होता. एका सुटकेसमध्ये बूट होते. दुसरीत मास्तरांनी शिवलेल्या चार पँटी आणि सहा शर्ट, कारण त्याच्या मापाचे कपडे दुकानात मिळत नाहीत. प्रत्येक पँटच्या आत, खाली आणि कमरेला, मास्तरांनी दोन-दोन बोटं माया ठेवली होती. पुढेमागे अंग सुटलं तर उसवून सैल करता यावं म्हणून.

चौदा वर्षांत शिडी सहा देशांत आणि आठ क्लबांत खेळला. ऐकायला केवढं मोठं वाटतं! गल्लीत तर तो कुठल्या कुठे पोचलेला माणूस होता. प्रत्यक्षात हिशेब असा, की मूर्ती महान आणि कीर्ती लहान. करार एका हंगामाचा. प्रत्येक क्लबात परदेशी खेळाडूंना मोजक्याच जागा, म्हणून संघ चार सामने हरला की आधी परदेशी माणसाचा गळा धरला जायचा. एजंटचा फोन यायचा, "सामान भर." मग नवा देश, नवी भाषा, नवं भाड्याचं घर आणि त्यात पुन्हा सहा फुटी पलंग. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण बाकीचे लोक शाळेत शिकतात. शिडीला ती रोज पाळावी लागायची. पलंगाच्या पायथ्याशी एक खुर्ची, खुर्चीवर उशी आणि उशीवर पाय. नव्या घरात शिरला की तो आधी खुर्ची शोधायचा.

आणि खेळ म्हणाल, तर तो गाजणारा खेळाडू नव्हताच. बास्केट करणारे वेगळे असतात. शिडीचं काम आडवं उभं राहण्याचं. आपला नेमबाज मोकळा व्हावा म्हणून त्याच्या मागे धावणाऱ्याच्या वाटेत भिंतीसारखं उभं राहायचं, बरगडीत कोपर खायचं आणि हलायचं नाही. नेमबाज बास्केट करतो, लोक त्याचं नाव घेऊन ओरडतात. आडव्या उभ्या राहिलेल्याचा आकडा कुठल्याच कागदावर येत नाही. दर रविवारी दुपारी तो घरी फोन करायचा, आणि सुरुवातीला मास्तर विचारायचे, "काल किती बास्केट केल्यास?"

"दोन."

"दोनच?"

"बाबा, माझं काम ते नाही." आणि मग त्यानं आपलं काम काय ते समजावून सांगितलं. पलीकडून मशीनच्या पायडलचा आवाज तेवढा येत होता.

"म्हणजे तू अस्तर आहेस," शेवटी मास्तर म्हणाले. "कोटाचं अस्तर कुणाला दिसत नाही. पण ते काढून घे, कोट खांद्यावर बसणार नाही."

शिडीला आयुष्यात मिळालेली ही सगळ्यात मोठी शाबासकी. नंतर मास्तरांनी बास्केटचे आकडे कधी विचारले नाहीत.

एवढं सगळं झालं, पण मास्तरांनी त्याला खेळताना एकदाही पाहिलं नव्हतं. शाळेत असताना सामने गणवेशांच्या हंगामात यायचे आणि दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. नंतर तो परदेशी गेला. "पुढच्या हंगामात येतो," मास्तर म्हणायचे. पुढचा हंगाम म्हणजे काय, तो येतच असतो, जातो कुठे? शिडीलाही तसंच वाटायचं. बापाला आणि मुलाला दोघांनाही वेळ ही गोष्ट कापडाच्या ताग्यासारखी वाटली, ओढाल तेवढी निघणारी.

शिडीच्या अकराव्या हंगामात ताईचा फोन आला. रविवार नव्हता. मास्तरांनी एका गिऱ्हाइकाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या होत्या. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. कडेकडेनं नजर जातेय, मधलं तेवढं दिसतंय. गेलं ते परत येणार नाही आणि आहे तेही हळूहळू जाईल.

"किती दिवस?" शिडीनं विचारलं.

"दोन वर्षं म्हणाले. कदाचित तीन."

त्या दिवसापासून शिडीला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. बापाचे डोळे आहेत तोवर बापानं आपल्याला एकदा, एकदाच, मैदानात पाहावं. बाकी करार, क्लब, पुढचं वर्ष, सगळं गेलं खड्ड्यात.

पण देव देतो आणि कर्म नेतो. पहिल्या वर्षी व्हिसा आला तो हंगाम संपल्यावर आठव्या दिवशी. दुसऱ्या वर्षी व्हिसा आला, तिकिटं आली, ताईनं बॅग भरली, आणि मास्तर निघायच्या पाच दिवस आधी क्लबनं शिडीला सोडलं. कारण तेच, चार सामने हरले. त्यानं घरी फोन करून हसत हसत सांगितलं, "बाबा, यांच्याकडे हॉलच्या छताचं काम निघालंय, सामने बंद." मास्तरही हसले. म्हणाले, "बरं झालं, माझीही थोडी धावपळ होती." फोन ठेवल्यावर शिडी त्या रिकाम्या केलेल्या घरात खुर्चीवर बसला आणि खूप रडला.

तिसऱ्या वर्षी आठवा क्लब मिळाला. लहान गाव, जुना हॉल, आणि शिडीचा डावा गुडघा. तो दोन वर्षांपासून कुरकुरत होता, शिडी त्याला पट्ट्या बांधून गप्प करत होता. क्लबच्या फिजिओबाईंनी एका सकाळी एक्स-रेचा फोटो दिव्यासमोर धरला आणि म्हणाल्या, "तुझ्या गुडघ्यातली गादी संपलीय. हाडावर हाड घासतंय. हा हंगाम म्हणशील तर मी तुला कसाबसा नेते. पुढचा विसर."

घरी फोनवर मात्र दर रविवारी सगळं उत्तम होतं.

"गुडघा-बिडघा ठीक ना रे?"

"एकदम. तुमचे डोळे?"

"नवीन थेंब दिलेत. बराच फरक आहे."

खोटं बोलण्यात बापलेक एकमेकांना हार जात नव्हते.

या वेळी व्हिसा आला, तिकिटं आली आणि क्लबनं शिडीला काढलंही नाही. हंगामातला घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना, रविवारी दुपारी. मास्तर आणि ताई तीन दिवस आधी आले. विमानतळावर मास्तर ताईचं कोपर धरून चालत होते. "नवीन चष्मा आहे, अजून बसला नाही नाकावर," ते म्हणाले. घरी आल्यावर त्यांनी खिडकीपाशी जाऊन पडद्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "खालची शिवण उसवलीय. सुईदोरा आण." शिडीला हायसं वाटलं. उसवलेली शिवण दिसते, म्हणजे काळजी नाही. ताईनं मात्र शिडीला जिना उतरताना पाहिलं, एक पाय टेकवून, कठड्याला धरून, दुसरा पाय टेकवून. ती काही बोलणार, तोच त्यानं ओठावर बोट ठेवलं. ताईनं मान हलवली आणि तोंड फिरवलं.

सामन्याच्या दिवशी, लोक अजून जागा शोधत होते आणि दोन्ही संघ अंग मोकळं करत होते, तेव्हा शिडी साधी उडी मारून खाली आला आणि गुडघा अडकला. वाकेना की सरळ होईना. फिजिओबाईंनी त्याला आडवा करून तो सोडवला, पण तोवर कोचनं सगळं पाहिलं होतं. कोच मोठ्या पोटाचा, मऊ मनाचा माणूस. तो शिडीजवळ बसला.

"आज तू बाकावर."

"माझे वडील आलेत," शिडी म्हणाला. "चौदा वर्षांत पहिल्यांदा. त्यांचे डोळे जातायत. मला एक मिनिट द्या. फक्त एक."

कोचनं टक्कल खाजवलं. "आज जिंकलो नाही तर आपण खालच्या गटात जातो, तुला माहीत आहे. पण शेवटी आघाडी असली, तर पाठवतो. शब्द."

सामना सुरू झाला. मास्तर आणि ताई समोरच्या बाजूला तिसऱ्या रांगेत होते. शिडी बाकावरून खेळ बघत नव्हता, तो मास्तरांना बघत होता. मास्तर इस्त्रीच्या कोटात, पुढे झुकून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या की तेही वाजवायचे, जरा उशिरानं. नियम माहीत नाहीत बिचाऱ्यांना, शिडीला वाटलं. आपला मुलगा कोण, हे तरी ताईनं दाखवलं असेल ना? पण मैदानात तो होता कुठे दाखवायला?

पहिला भाग गेला, दुसरा गेला. कधी चार गुणांनी पुढे, कधी दोननं मागे. शिडी बाकाच्या टोकाशी गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसून राहिला. शेवटच्या पाच मिनिटांत संघानं दम धरला आणि आघाडी नऊची झाली. घड्याळात पन्नास सेकंद उरले होते. कोच वळला आणि त्यानं शिडीकडे बोट केलं.

शिडीनं वरचं जाकीट काढून फेकलं. त्या दिवशी सकाळी धुवून, घडी करून ठेवलेली त्याची जर्सी बाहेर आली. तो लंगडत नोंद करणाऱ्यांच्या टेबलापाशी गेला आणि तिथे बसला. या खेळाचा नियम असा, की चेंडू चालू असताना बदली खेळाडूला आत जाता येत नाही. शिट्टी वाजली पाहिजे, चेंडू थांबला पाहिजे. कुणी धक्का द्यावा, चेंडू कुणाच्या पायाला लागावा, रेषेबाहेर जावा, काहीही. एका सामन्यात असं शंभर वेळा होतं.

समोरच्यांनी चेंडू फेकला, चुकला. शिडीच्या संघाला तो मिळाला. घाई कुणालाच नव्हती. चेंडू खेळवणारा पोरगा मधोमध उभा राहून तो शांतपणे आपटत राहिला, आणि समोरच्यांनीही हार मानल्यामुळे त्याला कुणी धक्कासुद्धा मारला नाही. चाळीस. तीस. चौदा वर्षं शिडीनं बाहेर गेलेल्या प्रत्येक चेंडूला शिव्या घातल्या होत्या. आज तो ओठांतल्या ओठांत पुटपुटत होता, जा रे बाहेर, एकदा जा. वीस. त्या पोरानं उगाच एक लांबून फेक केली, ती रिंगला लागून उडाली. समोरच्यांनी चेंडू पकडला आणि पळत सुटले. दहा. पाच. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं ते राहिलंच. भोंगा वाजला, संघ जिंकला, सगळे एकमेकांच्या अंगावर उड्या मारू लागले, आणि शिडी टेबलाशी तसाच बसलेला होता.

लोक मैदानात उतरले. ताई मास्तरांना हाताला धरून कठड्यापर्यंत घेऊन आली. शिडीला पळून जावंसं वाटत होतं, पण तो गेला. काय सांगायचं ते जुळवत गेला. बाबा, जमलं नाही, माफ करा, गुडघा गेला माझा. मास्तरांनी कठड्यावरून हात पुढे केला. तो हात शिडीच्या डाव्या बाजूला, हवेत गेला. शिडीनं तो धरला.

"छान खेळलास रे," मास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा आनंदानं फुलला होता. "शेवटी तर काय गलका! पाहिलं मी सगळं."

शिडीनं ताईकडे पाहिलं. ताईनं मान खाली घातली.

तेव्हा त्याला कळलं. पडद्याची शिवण डोळ्यांनी पाहिलेली नव्हती, चष्मा नवीन नव्हता, आणि टाळ्या उशिरा का पडत होत्या तेही कळलं. डोळे गेलेच होते. कदाचित वर्ष झालं असेल. दोन समुद्र ओलांडून हा माणूस मुलगा बघायला आला होता आणि त्याला काहीच दिसत नव्हतं, आणि मुलगा दाखवण्यासारखा कुठे होता? जुळवलेलं सगळं त्यानं गिळलं.

"हो बाबा," तो म्हणाला. "चांगला झाला सामना."

"ती तुझी बंडी मला दे. आठवण म्हणून. धुऊ नकोस हं, आहे तशी दे."

शिडी कपडे बदलायच्या खोलीत गेला. आत गाणी, आरडाओरडा, पाण्याच्या बाटल्या उडत होत्या. त्यानं जर्सी काढून हातात धरली. कोरडी ठणठणीत. घडीची रेघसुद्धा मोडली नव्हती. चौतीस वर्षांचा, साडेसहा फुटांचा तो माणूस वॉशबेसिनपाशी गेला, नळ सोडला, जर्सी भिजवली आणि पिळली. मग तिच्यात तोंड घालून तो रडला, कारण त्या गोंगाटात ते कुणालाच ऐकू येणार नव्हतं. पिशवीत घालून त्यानं ती मास्तरांच्या हातात दिली. मास्तरांनी पिशवीत हात घालून कापड चाचपलं.

"केवढा घाम गाळलास रे," ते म्हणाले. "दमलास ना?"

शिडी त्या उन्हाळ्यात कायमचा घरी आला. गुडघ्याचं ऑपरेशन झालं. काठी सुटल्यावर तो दुकानात बसू लागला. मशीन आता ताई चालवायची, आणि मास्तर काउंटरमागे स्टुलावर बसून कापड हातानं ओळखायचे. डोळे गेल्याचं एव्हाना सगळ्यांना माहीत होतं, त्यावर घरात कुणी बोलायचं नाही. गल्लीनं शिडीला पुन्हा दिव्यांसाठी बोलवायला सुरुवात केली. गल्लीला चौदा वर्षं म्हणजे काहीच नाही.

पण मास्तर बदलले होते. जन्मभर मोजूनमापून बोललेला माणूस आता येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो सामना सांगायचा. "शेवटचं मिनिट राहिलेलं. हा असा मध्ये उभा! समोरचा येऊन आपटला, पण हा हलला नाही. तेवढ्यात आपल्या पोरानं चेंडू टाकला. सगळा हॉल उभा." दर महिन्याला त्यात एक-दोन धक्के वाढायचे. पुढे पुढे तर प्रतिस्पर्ध्यांतला एकजण जायबंदीही झाला. गिऱ्हाइकं कौतुकानं शिडीकडे बघायची आणि शिडी बटणांच्या डब्यात तोंड खुपसायचा. कित्येकदा त्याच्या जिभेवर आलं, बाबा, मी खेळलोच नाही. पण त्या चेहऱ्याकडे बघून धीर व्हायचा नाही. रोज थोडं थोडं पोखरत होतं ते त्याला. आंधळ्या बापाला फसवलं, याहून हलकट काय असतं?

हिवाळ्यात मास्तर गेले. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी संपलं.

सगळे येऊन गेले, घर रिकामं झालं. एका दुपारी दोघं भावंडं दुकान आवरत होती. ताईनं कपाटाच्या तळातून कागदात गुंडाळलेली जर्सी काढली आणि काउंटरवर ठेवली. शिडीनं ती हातात घेतली नाही.

"टाकून दे ती," तो म्हणाला. "ताई, मी बाबांना फसवलं. त्यांनी मरेपर्यंत ते खरं मानलं. मी त्यांना खोटं घेऊन जाऊ दिलं."

ताईनं खुर्ची ओढली.

"तुला काय वाटतं, त्यांना कळलं नव्हतं?"

"कसं कळणार? त्यांना दिसत नव्हतं."

"सामन्यावरून तुझ्या घरी आलो आणि त्यांनी पिशवी उघडली. नाकाशी धरली. म्हणाले, हे नळाचं पाणी आहे, साबणाचा वास अजून गेला नाही. मग मला विचारलं, खेळला नाही ना तो? मी नाही म्हटलं. गुडघा? मी हो म्हटलं. जिन्यावर तुझी पावलं ऐकूनच त्यांना शंका आली होती." ताईनं पदरानं डोळे टिपले. "म्हणाले, लहानपणी टाकीमागे बसून यायचा, तेव्हाही असाच शर्ट भिजवून आणायचा. गधड्याला अजून वाटतं मला कळत नाही."

शिडी मास्तरांच्या स्टुलावर बसला.

"मग... मला बोलले का नाहीत?"

"मी म्हटलं, त्याला सांगा. तर म्हणाले, मी दिसत नसून दिसतंय म्हणालो, त्यानं न खेळून घाम आणला. फिट्टंफाट. आता कशाला उसवायचं."

"आणि दुकानात सगळ्यांना सांगत बसायचे ते? माहीत असून?"

"तेही विचारलं मी एकदा. म्हटलं, बाबा, किती थापा माराल?" ताईनं जर्सीवरून हात फिरवला. "तर म्हणाले, चौदा वर्षं पोरगा लोकांसाठी आडवा उभा राहिला. अस्तर कुणाला दिसतं का? ते शिंप्यानंच सांगावं लागतं."

शिडीनं काउंटरवर डोकं टेकलं आणि तो मोठ्यानं रडला, लहानपणी रडायचा तसा. ताईनं त्याला रडू दिलं. बऱ्याच वेळानं त्यानं जर्सी उचलली आणि नाकाशी धरली. तिला आता कपाटाचा आणि खडूचा वास येत होता. बाहेरून कुणीतरी हाक मारली, "शिडी आहे का रे घरात? दिवा गेलाय."

"येतो," तो म्हणाला, आणि जर्सीची नीट घडी घालून उठला.